गुड्डीचा रविवारचा फोन

सिल्वासाच्या बसस्टँडवर, रांध्याच्या बससाठी उभ्या असलेल्या श्रीधरच्या पुढे धाग्याच्या कंपनीतल्या दोघीजणी होत्या.

"चिमाताई, गुड्डी पोचली का स्पेनला?"

"महिना झाला की! कॉलेजनं पाठवलं स्पॅनिश शिकायला, सहा महिन्यांसाठी. एका बाईच्या घरी राहते. स्पॅनिश सोडून काही बोलणार नाही, असं कॉलेजला लिहून दिलंय गुड्डीनं."

"मग फोनवर आईशी?"

"स्पॅनिशच! मी आपली अहिराणीत बोलते."

"कळतं काय तुला?"

"न कळायला काय झालं? तीन रविवार आवाज रडका होता. काल मात्र त्या बाईशी काय भराभर बोलत होती, हसत होती! मी फोनवर आहे, हेच विसरली."

श्रीधरची बस आली, तरी पुढचं ऐकायला तो तिथंच थांबला.

"मग ठेवलास फोन?"

"ठेवते कशाला? तासभर ऐकत बसले."