बंद कपाटाचा शनिवार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय भिकनराव, इथून उठून लगेच दुसऱ्या एका सत्काराला जायचं असूनही चेहऱ्यावर तसं न दाखवणारे प्रमुख पाहुणे, आपल्या बालवाचनालयाचे कार्यवाह दीपकराव, आजच्या सत्कारमूर्ती आणि माझी मैत्रीण ज्योत्स्नाताई, समोर खुर्च्यांवर बसलेले पालक आणि हितचिंतक, आणि ज्यांच्यामुळे हे वाचनालय आहे म्हणून ज्यांना खाली सतरंजीवर बसवलं आहे अशा माझ्या बालसभासदांनो,

दीपकरावांनी माझी ओळख करून देताना मला 'शिस्तप्रिय' म्हटलं. ज्या बाईची भीती वाटते तिला नाशिकमध्ये शिस्तप्रिय म्हणतात, हे मला ठाऊक आहे. मी इंग्रजी शाळेत शिकवून निवृत्त झाले आणि त्याआधी शिकले तीही कॉन्व्हेंटमध्ये. आमच्या सिस्टरना कुणाचे रिकामे हात दिसले की त्या टोपलीतला फाटका मोजा काढून देत. "रफू कर." स्वतःचे मोजे संपले की मैत्रिणीचे. पुढे मी शिक्षिका झाले तेव्हा मोजे गेले आणि वर्कशीट आल्या, पण टोपली तीच. मूल रिकामं बसलं म्हणजे कुणाचं तरी दुर्लक्ष झालं, अशी माझी पक्की समजूत होती.

तर अशी मी, निवृत्तीनंतर एक दिवस पंचवटीतल्या आपल्या या वाचनालयात आले आणि म्हणाले, "मुलांना इंग्रजी शिकवीन. फुकट."

इथे मुलांना सांभाळणाऱ्या ज्योत्स्नाताई म्हणाल्या, "या की. पण शनिवारी नको."

"शनिवारी काय असतं?"

"काही नाही."

"म्हणजे सुट्टी?"

"छे हो, उघडं असतं. मुलं येतात. पण काही नसतं."

मला वाटलं, बाईंना ऐकायला कमी येतं. मी तोच प्रश्न मोठ्या आवाजात विचारला. त्यांनी तेच उत्तर मोठ्या आवाजात दिलं.

हे 'काही नाही' कसं सुरू झालं, ते आज नवीन पालकांना सांगायला हवं. दीपकराव, आपली परवानगी गृहीत धरते. काही वर्षांपूर्वी यांच्या मुलीचं लग्न ठरलं. हे पैठणी घ्यायला येवल्याला गेले आणि पुस्तकांच्या कपाटांची एकुलती एक किल्ली यांच्या खिशातून येवल्याला गेली. तिथल्या नातेवाइकांनी आग्रह केला, मुक्काम वाढला. इकडे मुलं दारात आणि कपाटं बंद. कुणीही शहाण्या माणसाने कुलूप तोडलं असतं ना? पण ही संस्था आहे! कुलूप तोडायचं तर ठराव हवा. ठरावाला सभा हवी. सभेला नोटीस हवी. आणि नोटिशींचे कागद होते कपाटात.

हसू नका. भिकनराव, तुम्ही तर अजिबात हसू नका, तेव्हाही अध्यक्ष आपणच होता.

ज्योत्स्नाताईंनी काय केलं? सतरंजी पसरली आणि म्हणाल्या, "बसा." मुलांनी विचारलं, "बसून काय करू?" ताई म्हणाल्या, "ते मला कुठे माहीत?" आणि स्वतः भिंतीला टेकून बसल्या. त्या शनिवारी दुपारी मुलं कंटाळली, भांडली, लोळली, पुन्हा कंटाळली. दुसऱ्या दिवशी किल्ली परत आली, कपाटं उघडली, पुस्तकं निघाली. आणि पुढच्या शनिवारी ही समोरची इन्शा, तेव्हा एवढीशी, दारातूनच विचारायला लागली, "ताई, आजपण किल्ली येवल्याला गेलीये का?"

"नाही गं, इथेच आहे."

"मग पाठवा ना!"

तेव्हापासून दर शनिवारी वाचनालय उघडतं आणि कपाटं बंद राहतात. मोबाइल दारातल्या फळीवर. रंग नाहीत, खेळ नाहीत, गोष्टी सांगणारी मावशी नाही. भिंती, पंखा, घड्याळ, सतरंजी आणि आपण.

ललितच्या आई समोर बसल्या आहेत, त्या मला माफ करतील. ललितला सोमवारी अबॅकस, मंगळवारी कीबोर्ड, बुधवारी स्केटिंग, गुरुवारी पुन्हा अबॅकस. पहिल्या शनिवारी हा मुलगा ताईंसमोर उभा राहून रडकुंडीला आला. "ताई, सांगा ना, मी काय करू?"

ताई म्हणाल्या, "मी कसं सांगू? कंटाळा तुझा आहे."

'शनिवारी नको' ऐकूनही मी आले होते आणि कोपऱ्यात वह्या तपासत होते. ताडकन उठले. लहान मुलाशी असं बोलतात? ताईंनी मला हातानेच बसवलं. या शहरात आजवर मला हाताने बसवणाऱ्या त्या एकट्याच. ललित सतरंजीवर आडवा झाला, बराच वेळ छताकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "पंखा फिरून फिरून दमतो, पण पोचत कुठेच नाही. घड्याळाचंही तसंच. मग जास्त काम कोण करतं?"

झालं! त्या दुपारी कोर्ट भरलं. पंखा विरुद्ध घड्याळ. धनराज न्यायाधीश. इन्शा घड्याळाची वकील. तिने युक्तिवाद केला की लाइट गेली तरी माझं अशील काम करतं. पंख्याच्या बाजूने ललित उभा राहिला आणि म्हणाला, "घड्याळ नुसतं वेळ दाखवतं, घाम कोण पुसतं?" धनराजची आजी, भागुबाई, बाजारात भाजी विकतात, तेव्हा हिशोब चोख. त्याने निकाल दिला, "दोघांलाबी अर्धी सुट्टी." पालकहो, या खटल्याची फी आपण किती भरली होती?

मुलांना कंटाळ्याबद्दल काय वाटतं, हे मोठी माणसं कधी विचारत नाहीत. 'कंटाळा आला' एवढं ऐकलं की आपण धावत काहीतरी आणून त्याच्या तोंडात कोंबतो. मी विचारलं. इन्शा म्हणाली, "भूक लागल्यासारखं होतं, पण खाल्लं तरी जात नाही." ललित म्हणाला, "मोबाइल घेतला की तो जात नाही, लपतो. मोबाइल ठेवला की मागून भो करतो." आणि धनराज म्हणाला, "मिस, गावच्या आजीच्या शेतात कंटाळा लय येत नाय. आला तर आजी त्यालाच पाणी भरायला लावती." आता सांगा, बालमानसशास्त्रावरच्या व्याख्यानाला तिकीट काढून जायची काय गरज आहे?

तर हे सगळं गोड चाललं होतं. ताईंचे गुडघे मात्र कुरकुरायला लागले, मुलीचा बडोद्याहून आग्रह सुरू झाला आणि आज आपण त्यांना निरोप द्यायला जमलो. इथवर माझी काही तक्रार नाही. गुडघ्यांवर मी रागावू शकत नाही.

पण या समारंभाची निमंत्रणपत्रिका घरी आली. पुढच्या बाजूला ताईंचा फोटो, छान. पत्रिका उलटली तर ठळक अक्षरांत, 'आता दर शनिवारी आपल्या वाचनालयात! बालव्यक्तिमत्त्व विकास वर्ग. आत्मविश्वास, नेतृत्व, स्मरणशक्ती!' ताईंना निरोप पुढून आणि त्यांच्या शनिवारला निरोप मागून!

मी तशीच चप्पल घालून दीपकरावांकडे गेले. "हे काय छापलंय?"

ते म्हणाले, "अहो मिस, मागची बाजू कोरी राहत होती. बरं दिसत नव्हतं."

"तीच तर अडचण आहे तुमची. तुम्हाला काही कोरं बघवतच नाही."

"तसं नाही हो. ताई गेल्यावर खोलीत मोठं माणूस नको का? कार्यकारिणीची अटच आहे. दोघा-तिघांना बसवून पाहिलं. एकाने मुलांना प्राणायाम शिकवला, दुसऱ्याने थोरांच्या बालपणीच्या गोष्टी सांगितल्या. नुसतं बसणारं माणूस मिळतच नाही."

मी म्हणाले, "मी बसते."

दीपकराव सभ्य गृहस्थ आहेत. पण त्यांना चहाचा ठसका लागला. "तुम्ही? गप्प?"

शेवटी ते म्हणाले, मुलांनाच विचारू. बरं, विचारलं. मुलांनी आपसात बराच वेळ कुजबूज केली आणि इन्शा अटी घेऊन आली. मिसने 'काय करताय?' विचारायचं नाही. फोटो काढायचा नाही. आणि 'व्वा' म्हणायचं नाही.

"अगं, व्वा का नाही म्हणायचं? चांगलं काही केलंत तर?"

"व्वा म्हटलं की ते तुमच्यासाठी केल्यासारखं होतं, मिस."

मी आयुष्यभर वह्यांवर 'गुड', 'व्हेरी गुड' लिहिलं, आणि त्याला हे उत्तर मिळालं. मी काही बोलले नाही. सराव तिथूनच सुरू केला.

पहिल्या शनिवारी मी नापास झाले. धनराजने दारातल्या सगळ्या चपलांची एकामागे एक आगगाडी लावली होती. इंजिनाला माझीच चप्पल. मी जिभेला आवर घातला होता, देवाशपथ. पण दोन डाव्या चपला शेजारी शेजारी पाहून माझ्या तोंडून गेलंच, "अरे, निदान जोड्या तरी लाव!" सगळी सतरंजी एका सुरात ओरडली, "मिस आउट!" ताई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला घरी जायला सांगण्यात आलं. माझी चप्पल मात्र लगेच मिळाली नाही, कारण गाडी स्टेशनात आल्याशिवाय इंजिन काढता येत नाही.

ताईंनी रदबदली केली म्हणून मला पुन्हा संधी मिळाली. गेल्या शनिवारी मी ताईंच्या जागी भिंतीला टेकून बसले. आणि खरं सांगते, मला कंटाळा आला. साधासुधा नाही. पाय आखडले, पर्सची चेन उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. खिडकीची जाळी धुवायला झाली आहे हे दिसलं. ते कुणाला सांगता येत नव्हतं. शेजारी कुणीतरी कुजबुजत होतं, कशाबद्दल ते विचारता येत नव्हतं. माझे हात मांडीवर रिकामे पडले होते आणि मोजा द्यायला सिस्टर नव्हत्या.

इन्शा येऊन शेजारी बसली. "मिस, कंटाळा आला?"

"हो गं."

"मग येऊ द्या."

एवढंच बोलून ती गेली. मी येऊ दिला. आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मी शाळेच्या खिडकीबाहेरचं चिंचेचं झाड आठवते आहे. मोजे रफू करताना त्याच्यावरची एक खार मी रोज चोरून बघत असे. तिचं नाव मी ठेवलं होतं. काय नाव ते सांगणार नाही. ते माझं आहे. दिवेलागणीला मुलं उठली, तेव्हा धनराज म्हणाला, "मिस पास."

मला आजवर बरीच प्रमाणपत्रं मिळाली. हे एकच मी काहीही न करता मिळवलं.

अध्यक्ष महोदय, आता आपल्याकडे वळते. कार्यक्रमाआधी आपण मला म्हणालात, "मिस, तुमचं पटतं. पण वर्ग ठरलाय. रद्द करायचा तर ठराव लागेल." ठराव! ठीक आहे. सभा समोर भरली आहे, आजीव सभासद पहिल्या दोन रांगांत आहेत. मी ठराव मांडते की शनिवारी कपाटं बंद राहतील, व्यक्तिमत्त्वाचा विकास रविवारी व्हावा आणि खोलीत मी बसेन. अनुमोदन? माइकजवळून नईमभाई, आभार. मग हात वर करा. मुलांनो, तुम्हाला मत नाही, हात खाली. इन्शा, दोन्ही हात खाली. ललितच्या आई... धन्यवाद, हे मी विसरणार नाही. भागुबाई, एकच हात पुरतो. दीपकराव? हां, तुमचाही. आणि भिकनराव, आपणही? काय म्हणता, पंखा वाढवायला सांगत होता? असू द्या. वर गेलेला हात मी मोजला.

ठराव मंजूर. टाळ्या नंतर.

ज्योत्स्नाताई, तुम्ही आता बडोद्याला जाल. तुम्ही काय काय केलंत ते इथे सगळ्यांनी सांगितलं. मला आभार मानायचे आहेत ते तुम्ही जे केलं नाहीत त्याबद्दल. ललितला उत्तर दिलं नाहीत. भांडणं सोडवली नाहीत. मी चुकत होते तेव्हा मला हाताने बसवलंत, पण चूक काय ते सांगितलं नाहीत. दाराची किल्ली तुम्ही सकाळीच माझ्या हातात दिलीत, तीही काही न बोलता. उद्या शनिवार आहे. मी दार उघडीन.

दीपकराव मगापासून कपाटाची किल्ली माझ्यापुढे धरून बसले आहेत. ठेवा ती खिशात. येवल्याला जायचं असेल तर खुशाल घेऊन जा.

माइक चालू ठेवल्याबद्दल नईमभाईंचे, चहाबद्दल समितीचे आणि मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार. त्यांना दुसरा पर्याय नव्हता, तरीही. बोलण्याच्या ओघात कुणाला लागलं असेल, मान्यवरांचा उल्लेख राहिला असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर मोठ्यांनी मोठ्या मनाने पोटात घालावं.

खाली सतरंजीवर धनराज आडवा झाला आहे आणि इन्शा छताकडे बघते आहे. मुलांनो, माझ्या भाषणाचा तुम्हाला कंटाळा आलेला दिसतो. तुमची मात्र मी माफी मागणार नाही. येऊ द्या.