भाऊंच्या संगणकाचं फडताळ

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभी आहे. मन भरून आलं, त्यात आणखी काही मावेना, मग माणसानं काय करावं? टाकून द्यावं? उत्तराची घाई नको! आधी गोष्ट ऐका.

देवरुखात हेमांगी नावाची लेक. तिचे वडील, भाऊ, देवळात पेटी वाजवायचे आणि प्रत्येक उत्सवाचं रेकॉर्डिंग घरच्या संगणकावर जपायचे. भाऊ गेले. वर्षश्राद्धाला त्यांची पेटी सगळ्यांना सलग ऐकवावी म्हणून हेमांगी त्याच संगणकापुढे बसली. तुकडे जोडायला घेतले आणि पडद्यावर पाटी! 'मेमरी कमी आहे.' पुन्हा केलं, पुन्हा तीच पाटी!

शेजारी बसले होते श्रीपादकाका, भाऊंचे धाकटे बंधू. म्हणाले, "अगं, जागा कर! मधलं बोलणं, खोकणं काढून टाक."

"बोलणं पण, काका?"

"तुला पेटी ऐकवायचीय की खोकला?"

(हसा, हसा! असे काका तुमच्याही घरी आहेत!)

तिनं बोलण्याच्या फायली निवडल्या. संगणकानं विचारलं — कायमच्या काढायच्या? बोट बटणावर... भाऊंचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता, मंडळी!

आणि तिला शंका आली. डिस्क तर अर्धी रिकामी! मग कमी आहे ते काय?

तिनं 'नको' दाबलं आणि शोधायला लागली.

आता बायकांनो, तुम्हाला हे लगेच कळेल. मेमरी म्हणजे ओटा. हातातलं काम तिथं. डिस्क म्हणजे कोठीची खोली. ओट्यावर गर्दी झाली की आत्ता न लागणारी परात आपण कोठीतल्या फडताळात सरकवतो, लागली की काढतो. विंडोजही तेच करतं! त्या फडताळाला म्हणतात पेजिंग फाइल. ओटा भरला म्हणून परात उकिरड्यावर फेकता का हो कुणी?

हेमांगी सेटिंग्जमध्ये शिरली. शोधत शोधत 'व्हर्च्युअल मेमरी' या फडताळाच्याच पानापर्यंत पोचली. काय दिसावं? 'पेजिंग फाइल नाही' यावर खूण! कोठी मोकळी, पण फडताळच नाही!

"काका, हे कुणी केलं?"

काका चष्मा पुसायला लागले. "मीच. तेव्हाची डिस्क इवलीशी होती. तू देवळात पहिल्यांदा गायलीस, ते ठेवायला जागा पुरेना. भाऊ म्हणाले, हे जागा खाणारं धूड काढ, पोरीचं गाणं राहू दे. पुढे मोठी डिस्क आली, सगळं जसंच्या तसं तिच्यावर चढवलं. हे सुरू करायचं राहूनच गेलं."

हेमांगीनं ती खूण काढली. विंडोजनं आपोआप सांभाळावं, अशी खूण केली. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. तुकडे जोडले. पाटी आली नाही!

मग तिनं मघाची एक फाइल लावली. आधी खोकला. मग भाऊ — "थांबा रे. हेमा यायचीय अजून. ती बसली की सुरू करू."

काका हळूच म्हणाले, "हे पहिलं लाव."

मंडळी, गेलेल्या माणसाची आठवण कामाच्या वेळी बाजूला ठेवावी लागते. चूल पेटवायची असते, पोरं शाळेत धाडायची असतात. ठेवा की बाजूला! त्यात पाप नाही. पण 'विसर आता' असं कुणी सांगितलं आणि तुमचं बोट बटणावर गेलं, तर क्षणभर थांबून विचारा — नक्की कमी काय आहे?

आता डोळे मिटा. ज्याचा आवाज ऐकावासा वाटतो, त्याला मनातल्या मनात हाक मारा. टाळ नंतर वाजवू.