लाल ठिपक्यांचे आठ प्लग

तुम्ही हसाल, तरी सांगतो. तुमसरला मी धानाच्या गिरणीत दिवाणजी होतो, तेव्हाची गोष्ट. मालकांची आठ सिलिंडरची जुनी अमेरिकन गाडी उभ्या जागी थडथडायची. ती घेऊन मला लाखनीच्या देवाजी मिस्त्रीकडे पाठवताना मालकांनी बजावलं, "प्लग विदेशी आहेत. मिस्त्री गुपचूप काढून साधे बसवेल, लक्ष ठेवा."

मिस्त्री जेवायला गेला. मी आठही प्लग काढले, प्रत्येकावर लाल रंगाचा ठिपका दिला, डायरीत नोंद केली आणि परत बसवले.

मिस्त्रीने येऊन गाडी सुरू केली, तर ती सकाळपेक्षा जास्त हलू लागली.

"काय काढलंस रे गाडीतलं? चोर कुठला!" मी ओरडलो. समोरच्या टपरीवरचे लोक उठून पाहू लागले.

"मी तं आत्ताच जेवून येऊन राहिलो, दिवाणजी." त्याने इंजिनात वाकून पाहिलं. "चार नंबरच्या प्लगची वायर सातवर, सातची चारवर. आन् तुमचं बोट लाल काहून?"

मी हळूच खरं सांगितलं.

त्याने वायरी जागेवर लावल्या, कार्बोरेटरखालचे ढिले नट आवळले. इंजिन शांत चालू लागलं. मी चावीसाठी हात पुढे केला.

त्याने चावी मुठीत धरली. "चोर म्हणताना आवाज लई मोठा होता. आता हे बी तेवढ्याच मोठ्यानं सांगा. टपरीवरचे लोक अजून तिथंच आहेत."

मी सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा मागच्या बाकावरच्यांना ऐकू गेलं नाही, असं मिस्त्रीचं म्हणणं पडलं.