माहेरच्या शेळीचं ग्राफिक कार्ड

माझा जलम सेनगाव तालुक्यातला, गोरेगावच्या अलीकडं वस्ती हाय तिथला. बाप मेंढरामागं, आजा मेंढरामागं, मी बी चालाया लागलो तवापासून मेंढरामागंच, शाळेत दोन वर्गं गेलो असंन, बस. असा माणूस कम्प्युटरमंदी कसा शिरला, काय सांगू तुमाला, मलाच बराबर उमगत न्हाई. जीपच्या मागं लटकून हिंगोलीला चाललो व्हतो, हात सुटला, गुडघा मोडला, अन् चालणं संपलं. कळप भावाकडं गेला. दिवसभर बसून घर खायला उठायचं. मंग एका मास्तरची बदली झाली, त्यायचा जुना कम्प्युटर मी घेतला, गोरेगावात बाजाराच्या तोंडाशी खोली धरली अन् गेमचं दुकान टाकलं.

गिऱ्हाईक कोण, तर जीपवाले. दिवसभर गाडी हाकून बी त्यायचं मन भरत न्हाई, स्टँडवर सवारीचा नंबर लागेपर्यंत माझ्याकडं येऊन गाड्यायची शर्यत खेळायचे, अन् गाडी आपटली की शिव्या मला. त्यातला दत्ता नावाचा डायवर एक दिवस नव्या शर्यतीची सीडी घेऊन आला. लावली, तर गाडी जरा सरके, मंग थांबे, परत सरके. दत्ता म्हणे सेनगावच्या दुकानात ही गाडी लोण्यासारखी पळते, तुमचा डबा म्हातारा झाला. झालं, एकेक करून समदे सेनगावला खेळू लागले. पाय गेलेला, आता दुकान गेलं तर मी करू काय?

कोणी म्हणे रॅम वाढवा. कोणी म्हणे प्रोसेसर बदला. कोणी म्हणे काहीच नका करू, आतली धूळ झाडा, मी झाडली, काही फरक न्हाई. दत्ता म्हणे ग्राफिक कार्ड टाका, चित्र तेच काढतं. मला वाटलं कार्ड म्हणजे राशनकार्डावानी कागद असंन.

अन् आणायचं कशातून? घरात इकण्यासारखी एकच चीज, गयाची शेळी. गया म्हणजे माझी मालकीण. आमच्यात लेकीला माहेराहून शेळी देतात, ती तिचीच, तिच्या पिलायवर बी नवऱ्यानं हात टाकायचा न्हाई. तिच्या मायनं दिलेल्या शेळीच्या वेताची ही शेवटली. मी मागितली न्हाई, देवाशपथ न्हाई मागितली. तीच म्हणली, घेऊन जा, पण वस्तू पारखून आणा.

पारखायचं तर मला येतंच की. शेळी इकली अन् पैसे घेऊन हिंगोली गाठली. हिंगोलीच्या दुकानदारानं दोन कार्डं समोर ठेवली अन् इचारलं, मामा, मदरबोर्ड कोणता? म्हणलं हिरवा. तो हसला, काहून हसला मला कळलं न्हाई. म्हणला जुनी खाच का नवी खाच? मला वाटलं नवं ते चांगलं. दोन्ही हातावर तोलून पाहिली, एक हलकं, एक वजनदार, मोठा पंखा असलेलं. बोकड घेताना वजनदारच घेतो ना आपण? तेच घेतलं. उपरणं हातावर टाकलं, खाली त्याची बोटं धरून जनावराच्या बाजारात करतात तसा भाव केला. तो पोरीवानी लाजून राहिला, पण सौदा झाला.

गोरेगावात दत्तानं डबा खोलला. कार्ड काही केल्या बसंना. माझ्या डब्यातली खाच जुनी, कार्ड नव्या खाचेचं. दत्ता म्हणला वापस करा, बदलून देतील. मी म्हणलं न्हाई. उपरण्याखाली हात दिला म्हणजे सौदा झाला, बाजारातून नेलेलं जनावर लंगडं निघालं तरी माघारी न्यायचं नसतं, माणसाची इज्जत जाते, बापानं मला हेच शिकवलं. कार्ड खोक्यात घालून फळीवर ठेवलं. गयाला म्हणलं, बसवायचा माणूस यायचाय. आठ दिवस खोटं बोललो, तिच्याकडं पाहायची बी लाज वाटायची.

मंग दत्तानंच तिला सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी सकाळी उठली, डबा लुगड्याच्या फडक्यात बांधला, कार्ड घेतलं, डबा मांडीवर घेऊन दत्ताच्या जीपमंदी बसली अन् हिंगोलीला गेली. दुकानदाराला म्हणली, ह्याच्यात बसंन ते दे. त्यानं डबा खोलून पाहिलं, जुन्या खाचेचं कार्ड दिलं, वरून रॅमची पट्टी दिली, अन् म्हणला, मावशी, मामा पहिल्याच दिवशी बदलायला काहून न्हाई आले? दिवस मावळायच्या आत दत्तानं दुकानात शर्यत लावली, गाडी पळाली, जीपवाले ओरडून राहिले, अन् मी मान खाली घालून बसलो.

घरी आल्यावर म्हणलं, माही इज्जत घालवली तू. ती म्हणली, इज्जत तुमची व्हती, शेळी माझी व्हती.

आता दुकान बरं चालून राहिलंय, जीपवाले वापस आले. पण कोणी इचारलं, मामा, आत कोणतं कार्ड हाय, तर मी म्हणतो गयाला इचारा. परवा तिला म्हणलं, आपल्याकडं पैसे जमलेत आता, या बाजारी तुला चांगली शेळी घेऊन देतो, तूच पारख. ती भाकरी थापून राहिली व्हती. म्हणली, माय तर गेली माझी. बाजारातली शेळी माहेरची कशी व्हईन?

ह्याच्यावर काय बोलायचं असतं? तुमी शिकलेले, तुमी सांगा. मी आपला भाकरी खात बसलो.