पिवळ्या पिल्लांचा बाप

पांढुर्ण्याहून सुटलेल्या बसमध्ये मागच्या सीटवर मायलेकांचं बोलणं रंगात आलं, तशी मालतीनं खिडकीची काच हळूच ओढून घेतली.

“भूपेंद्र, तुया त्या इदेशी अजगराची पिवळी पिल्लं यंदाबी माद्याच निंगाली काय रे?”

“बहुतेक माद्याच, माय. नराले पिवळा रंग त्याच्या मायकडून भेटला, का त्याच्या पिवळ्या पिल्लायत माद्याच जास्त निंगतात.”

“मंग मादीचा दोष नाही?”

“तिचा कायचा दोष? थे तर दोन महिने उपाशीच अंड्यायले वेटोळं घालून बसून राह्यते.”

“अन् माणसात?”

“माणसातबी पोरगा का पोरगी, थे बापाकडूनच ठरते.”

सौंसरचा स्टँड आला. मालतीला तिथंच उतरायचं होतं. ती बसून राहिली.

“हे तुले पयलेपासून मालूम होतं?”

“हो.”

“दुसरीबी पोरगीच झाली म्हून मी तुया सुचिताले नाही नाही थे बोलली. थे लेकरं घेऊन माहेरी, रामाकोन्याले, निंगून गेली. तवा तू कुठी होता?”

“घरीच. अजगरायच्या पेट्या साफ करून राहिलो होतो.”

बसचा वेग कमी झाला, तशी मागची माय पिशवी घेऊन उभी राहिली.

“उठ, रामाकोना आलं. मायी माफी मी मांगते. तुयी तू मांगजो.”