देवसिंगभाऊंनी वाचवलेली वीज

आजच्या या निरोप आणि सत्कार समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, यवतमाळहून एवढ्या उन्हात आलेले वरिष्ठ अधिकारी, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो ते सहायक अभियंता घनश्याम काळबांडे साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनीसाहेब, उद्यापासून त्यांच्या खुर्चीवर बसणाऱ्या अभियंता मोनाली गावंडे, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, समोर बसलेले लाइनमन बंधू, आपल्या चिंचदऱ्याचे आणि आसपासच्या वस्त्या-तांड्यांवरचे माझे भाऊ-बहिणी, आणि मंडपामागे मघापासून धडधडत असलेला जनरेटर. सगळ्यांना जय भीम, जय सेवालाल, नमस्कार.

जनरेटरचं नाव मी मुद्दाम घेतलं. कार्यक्रम वीज कार्यालयाचा, आणि माइक चालतो डिझेलवर. ज्यानं हे नियोजन केलं त्याला आपल्या खात्याची पूर्ण ओळख आहे, असं मला वाटतं. त्याचाही सत्कार व्हायला हरकत नव्हती.

मी सत्यभामा मुनेश्वर. या गावची माजी सरपंच. संयोजक परवा घरी आले, म्हणाले, ताई, महिलांच्या वतीनं चार शब्द बोला. आणि जाता जाता उंबऱ्यात थांबून म्हणाले, निरोपाच्या कार्यक्रमात गोड बोलायचं असतं. मी म्हटलं, पाहते. तर पाहतेच आहे.

माझ्याकडे काम दिलं आहे ते असं. निरोपासोबत आज वीज बचत करणाऱ्या गृहिणींचा सत्कारही आहे. ज्या घराचा वापर वर्षभरात सगळ्यात जास्त घटला, त्या घराला पहिलं बक्षीस. संगणकानं घर काढलं तांड्यावरच्या सुखीबाई देवसिंग आडे यांचं. मी त्यांच्या ओळखीची. म्हणून त्यांनी एवढी बचत कशी केली हे मी सर्व भगिनींना समजावून सांगावं, म्हणजे इतरांना प्रेरणा मिळेल, अशी सूचना आहे. सूचना मला मान्य आहे. समजावून सांगते.

सुखीबाईंचे यजमान देवसिंगभाऊ. उभी हयात जिनिंगमध्ये गेली. कापूस आत ढकलायचा, सरकी बाहेर ओढायची, आणि मधल्या हवेत जे उडतं ते छातीत भरून घ्यायचं. पन्नाशी ओलांडली आणि त्यांना बैठकीतून दारापर्यंत चालणं जड जायला लागलं. पोरगी उज्ज्वला नागपूरला एका दवाखान्यात नर्स आहे. तिनं तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, आता दिवसातला बराचसा वेळ ऑक्सिजन लागेल. सिलिंडर कुठवर आणणार? मग उज्ज्वलानं कुणाचं तरी वापरलेलं यंत्र मिळवलं. सुटकेसएवढं असतं. विजेवर चालतं, आपल्याच घरातली हवा ओढतं आणि त्यातला प्राणवायू नळीनं नाकाशी देतं. 

यंत्र आलं आणि माणूस बोलायला लागला. हे मी डोळ्यांनी पाहिलं. आधी देवसिंगभाऊ एक वाक्य दोन दमांत बोलायचे. यंत्र लागल्यावर त्यांनी मला पहिली गोष्ट काय सांगितली असेल? ग्रामपंचायतीचा तांड्यातला नळ दोन वर्षांपासून गळतो आहे, ही. म्हणजे दम नव्हता म्हणून तक्रार थांबली होती. मी नळ दुरुस्त करून दिला.

आता आपल्या दरपत्रकाची थोडी स्तुती करू. घरगुती वापर शंभर युनिटच्या आत असला की तुम्ही गरीब. त्याच्या पुढे गेलात की दर असा चढतो की जणू तुम्ही बंगल्यात झुंबर लावलं. देवसिंगभाऊंच्या घरात दोन दिवे, एक पंखा, एक जुना टीव्ही आणि हे यंत्र. पहिल्याच महिन्यात ते शंभरच्या पुढे गेले. खात्याच्या नजरेत एक माणूस श्वास घ्यायला लागला आणि चैनीत पडला.

इथवर सुखीबाईंनी भागवलं. उज्ज्वला काही पाठवायची, त्या स्वतः कापूस वेचायला जायच्या. टीव्ही बंद केला. पंखा फक्त दुपारी. दिवा एकच. आणि मग कार्यालयात कुणाला तरी प्रश्न पडला की पत्र्याच्या घरात एवढी वीज जाते कुठं? प्रश्न चांगला होता. उत्तर शोधायची पद्धत बघा. तपासणीला माणसं आली तेव्हा सुखीबाई वावरात होत्या. देवसिंगभाऊ आतल्या खोलीत झोपले होते. माणसं दारातच उभी राहिली. चिखलाचे बूट होते, आत कशाला जायचं? त्यांना आतून घरघर ऐकू आली. त्यांनी लिहून नेलं की घरात मोटार असलेलं यंत्र चालू आढळलं, सबब व्यावसायिक वापर.

हसू नका. यात हसण्यासारखं काही नाही, आणि असेल तर ते व्यासपीठावरून सुरू व्हायला हवं.

तर घरगुती ग्राहकाचा व्यापारी झाला. बिल तिपटीवर गेलं, मागचा फरक वर दंड म्हणून लागला. ते भरणं झालं नाही. वीज तोडण्याची सूचना मोबाइलवर पाठवली असं कार्यालय सांगतं. पाठवली असेल. सुखीबाईंचा बटणांचा फोन, त्यावर इंग्रजी संदेश. त्यांना वाटलं, रिचार्ज संपला. एका सोमवारी लाइनमन आला आणि खांबावरून वायर काढून गेला. त्या लाइनमनला मी दोष देत नाही. त्याला सांगितलं ते त्यानं केलं. शेजारच्या नेमसिंगनं आपल्या घरातून वायर ओढून दिली, तर त्यालाही बजावण्यात आलं की दुसऱ्याला वीज दिली तर तुझंही कनेक्शन जाईल. नेमसिंगच्या घरी दोन लहान पोरं. त्यानं मान खाली घालून वायर काढून घेतली. 

सुखीबाईंचा मला फोन आला. रडल्या नाहीत. म्हणाल्या, ताई, ऑटो बोलावला आहे, यंत्र जड आहे, एका बाजूनं धरू लागता का? मी विचारलं, कुठं न्यायचं? त्या म्हणाल्या, जिथं लाइन आहे तिथं.

आम्ही इथं आलो. याच कार्यालयात, साहेबांच्या खोलीत. देवसिंगभाऊंचे ओठ निळे पडले होते. त्यांना बाकावर टेकवलं. साहेबांच्या टेबलामागे थंड पाण्याचं मशीन होतं. सुखीबाईंनी त्याची पिन काढली, आपल्या यंत्राची लावली, नळी नवऱ्याच्या नाकाशी बसवली. सगळं इतकं सावकाश केलं की कुणाला अडवायचं सुचलंच नाही. काळबांडे साहेब म्हणाले, बाई, हे कार्यालय आहे.

सुखीबाई म्हणाल्या, "साहेब, हा घ्या आमचा कारखाना. इथं काय माल निघते ते नीट पाहून घ्या."

साहेब, तुम्ही पाहिलं का? मी तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही खिडकीकडे पाहिलंत. आज मघापासून सगळे सांगत आहेत की काळबांडे साहेबांनी कारकिर्दीत कुणाला वाकडा शब्द ऐकवला नाही. मी साक्ष देते, खरं आहे. ओरडायला समोर माणूस दिसावा लागतो. साहेबांना समोर ग्राहक क्रमांक दिसत होता. ते मला म्हणाले, ताई, यांना समजावा, यांना अर्ज द्यायला सांगा, आणि तोवर बाहेरच्या व्हरांड्यात बसवा, लोक बघतात. व्हरांड्यात प्लग होता का? नव्हता.

मग लोक बघायला लागलेच. बिल भरायला आलेले रांग सोडून दारात उभे राहिले. कुणी चहा आणला. एक म्हातारी देवसिंगभाऊंच्या पायाशी बसून पाय चोळत राहिली. तिची-त्यांची ओळखही नव्हती. साहेब फोनवर वरिष्ठांशी बोलत होते, हळू आवाजात. वरचे खालच्यांना विचारत होते, खालचे वरच्यांना. कार्यालय बंद करायची वेळ झाली. कुलूप लावावं तर आत माणूस, मेन स्विच पाडावा तर आत श्वास. मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदा या खात्याला कळलं असेल की स्विच पाडणं म्हणजे काय. अंधार पडायच्या आत तांड्यावरच्या खांबावर वायर जोडली गेली. कागदावर कारण आलं, तांत्रिक बिघाड दूर केला.

टाळ्या नकोत. गोष्ट तिथं संपली असती तर मीही गोड बोलून खाली बसले असते.

वायर जोडली, पण दर व्यापाऱ्याचाच राहिला. घरगुती दर परत मिळावा म्हणून अर्ज दिला, डॉक्टरांचा दाखला जोडला. अर्ज विचाराधीन आहे असं उत्तर आलं. या खात्याइतका खोल विचार करणारं माणूस मी पाहिलेलं नाही. अर्ज अजूनही विचारातच आहे. 

आणि आता बचतीचं. भगिनींनो, लक्ष द्या, प्रेरणा घ्यायची आहे.

देवसिंगभाऊंनी बायकोचे हात पाहिले होते. वेचणीनं फाटलेली बोटं, त्यावर खोबरेल तेल लावून बसलेली बाई. सुखीबाई वावरात गेल्या की ते उठून यंत्र बंद करायचे. खाटेवर भिंतीला टेकून, बोलायचं नाही, हलायचं नाही, असे बसून राहायचे. आणि वाटेवर त्यांची चाहूल लागली की पुन्हा सुरू करायचे. सुखीबाई घरात शिरायच्या तेव्हा यंत्र चालू आणि नवरा हसत. यंत्र असूनही दम वाढतच होता, म्हणून त्यांना वाटायचं, आजार वाढतो आहे. डॉक्टरांना विचारायचं, उज्ज्वलाला बोलवायचं, असं चाललं होतं.

एक दिवस वेचणी लवकर आटोपली. सुखीबाई आत आल्या, यंत्र घरघरत होतं. त्यांनी सहज त्यावर हात ठेवला. एरवी त्याचं अंग गरम असतं. ते थंड होतं, म्हणजे नुकतंच सुरू केलेलं.

हे त्यांनी मला नंतर सांगितलं. म्हणाल्या, मी हात काढलाच नाही. मग नवऱ्याला एवढंच म्हटलं, "तुमचा श्वास मले महाग नाही पडून राह्यला."

देवसिंगभाऊ म्हणाले, "मले पडून राह्यला."

त्यानंतर सुखीबाईंनी वेचणीला जाणं बंद केलं. त्या यंत्राशेजारी बसून राहायच्या, स्विचवर पाठ टेकून, म्हणजे त्यांना हात घालता येऊ नये. पण उशीर झाला होता. संक्रांतीच्या आधी देवसिंगभाऊ यवतमाळच्या दवाखान्यात वारले. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आधीच संपली होती. असतील. मी डॉक्टर नाही, आणि कुणाच्या माथी मरण मारायला मी माइक धरलेला नाही. मी फक्त एवढं सांगते आहे की माणूस गेला, यंत्र बंद झालं, आणि सुखीबाईंच्या घरचा वापर दाणकन खाली आला. संगणकानं तो आकडा पाहिला आणि त्याला आनंद झाला. त्याला आनंद होऊ शकतो. तो यंत्र आहे. पण यादी संगणकानं काढल्यावर ती कुणीतरी वाचली असेल, सही केली असेल, प्रमाणपत्रावर नाव टाकायला दिलं असेल. या गावात, ज्या कार्यालयात तो माणूस दिवसभर बाकावर पडून होता, त्याच कार्यालयात. एकालाही नाव ओळखीचं वाटलं नाही?

अध्यक्ष महोदय, घड्याळ दाखवू नका. मला दिसतं आहे.

हे प्रमाणपत्र आणि हा बक्षिसाचा मिक्सर मी टेबलावरच ठेवते. सुखीबाई आज आलेल्या नाहीत. रुसून बसल्या असं कुणी समजू नये. त्यांना वेळ नाही. देवसिंगभाऊ गेल्यावर त्यांनी यंत्र विकलं नाही. शिवाराच्या पलीकडे, आमच्या बुद्धविहारामागे ममता राहते. तिच्या सासूला चुलीच्या धुरानं तोच आजार झाला आहे. सुखीबाईंनी यंत्र तिला देऊन टाकलं. आज सकाळी त्या तिकडेच गेल्या आहेत, यंत्रातली जाळी कशी धुवायची, सावलीत कशी वाळवायची, लाइन गेली तर म्हातारीला कसं टेकवून बसवायचं, हे ममताला शिकवायला.

काळबांडे साहेब, तुम्हाला निवृत्तीच्या शुभेच्छा. तब्येत जपा. छातीत कधी दम लागला तर तुमच्या घरी वीज असो, आणि दारात उभं राहून लिहून नेणारं कुणी नसो. हे मी मनापासून बोलते.

संयोजकांनी मला बोलावलं, त्यांचे आभार. पुन्हा बोलावणार नाहीत हेही मी समजून घेते. तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ ऐकलं, तुमचे आभार. पाहुण्यांसमोर शब्द जड गेला असेल, वयाचा मान राहिला नसेल, तर लहान-मोठ्यांनी पदरात घ्यावं.

आणि मोनालीताई, तुम्ही उद्या रुजू होणार. या महिन्यात ममताचं घर शंभरच्या पुढे जाईल. तुमची माणसं तिकडे निघतील, तेव्हा त्यांच्यासोबत तुम्ही स्वतः जा. चपला काढून आतल्या खोलीपर्यंत जा. म्हातारीला विचारा, बाई, कशी आहे तब्येत. तिला उत्तर द्यायला वेळ लागतो. तेवढं थांबा.