न विरघळलेल्या गोळ्या

आदरणीय अध्यक्ष सरपंच भूमेश्वरीताई, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या जेवणाचा खर्च उचलणारे औषधांचे ठोक विक्रेते हिरालालजी, बदली होऊन जाणाऱ्या आपल्या औषधनिर्माण अधिकारी संध्या मडावी मॅडम आणि समोरच्या मायबापहो,

या दवाखान्यातले सलाईनचे स्टँड मी बनवले. औषधखोलीची कपाटं माझी. गोळी विरघळते का ते बघायचं यंत्रही माझ्याच हातचं. शाळा नववीपर्यंत, बाकी स्वतः शिकलो, हे अभिमानानंच सांगतो. यंत्राला वायपरची मोटर, काचेच्या नळ्या, पाणी सदतीस अंश. अडतीस झालं तर चाचणी रद्द.

ते कशाला लागलं? लोक मॅडमच्या खिडकीवर म्हणत, "फुकटची गोळी हाय जी, इनं ताप कायले उतरते?" मॅडमनी वाद घातला नाही. सरकारी जेनेरिक अँटिबायोटिक आणि नामांकित कंपनीचं महागडं, दोन्ही सर्वांसमोर यंत्रात सोडली. दोन्ही अर्ध्या तासाच्या आत विरघळली. विरघळणं म्हणजे सगळा दर्जा नव्हे, हेही त्यांनीच बजावलं.

तरी चिचगडच्या दसरूभाऊंनी बायकोच्या, जमुनाबाईंच्या न्यूमोनियाला बाजारातून महागडी गोळीच नेली. ताप हटेना. उरलेला गोळ्यांचा पत्ता, म्हणजे स्ट्रिप, मॅडमनी माझ्याकडे दिला. नळ्या तासभर पाण्यात वर-खाली झाल्या. गोळ्या खड्यांसारख्या तशाच. कंपनीनं कळवलं, हा बॅच आमचा नाहीच. आता सांगा, नकली माल काढणारा फुकटच्या गोळीची नक्कल काऊन करेल? जिथं आपला भरवसा, तिथंच तो घुसतो.

दुकानदारानं गोदामाचं नाव सांगितलं. जेवणाआधी ते नाव मी घेत नाही. मॅडमनी नमुना औषध निरीक्षकांकडे धाडला, आणि थोड्याच दिवसांत बदलीचा आदेश आला. 'नियमित बदली' असं त्यात लिहिलंय. आपणही तसंच वाचावं. जमुनाबाई गोंदियात ऑक्सिजनवर आहेत. तो बॅच आणखी कुणाच्या घरात आहे? गोळ्या मनानं बंद करू नका, पण गोळ्यांचे पत्ते उद्याच दवाखान्यात दाखवा.

परवा हिरालालजी माझ्या फुलचूरच्या वर्कशॉपात आले. म्हणाले, "पटलेभाऊ, अब मशीन का क्या करोगे? मॅडम तो जा रही हैं."

मी म्हटलं, "पाणी तापवून ठेवतो."

मॅडम, तुमचे उपकार मोठे. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. एवढंच सांगून बसतो: यंत्र आणि त्या पत्त्यातल्या माझ्याकडे उरलेल्या चार गोळ्या मिळून हिरालालजी चार लाख देत होते. मी नाही म्हटलं.